रिकाम्याचा होकार

"तुमचा मेसेज रोज येतो, आई ठीक आहे म्हणून," हेमंत मोहोड म्हणाले, "त्यामुळे तशी काळजी नाही. फक्त तिचा फोन लागत नाहीये. लाइनीचं काही असेल तर जरा बघाल का?"

ते टोरांटोहून बोलत होते. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते. अमरावतीतला मे महिना. ऑफिसातल्या कूलरमध्ये मी नुकतंच पाणी भरलं होतं.

"किती दिवस झाले लागत नाही?" मी विचारलं.

"तीन तारखेपासून प्रयत्न करतोय मी. मोबाइल ती वापरतच नाही, कपाटात पडून असतो. पण तुमचा मेसेज आजही आला. तुमच्याकडच्या सात वाजून दोन मिनिटांनी."

त्या दिवशी बारा तारीख होती.

"बघते मी," म्हणून मी फोन ठेवला आणि बराच वेळ माझा हात रिसीव्हरवरच राहिला. जिचा फोन नऊ दिवस लागत नाही, ती बाई रोज सकाळी आमच्या फोनला उत्तर कशी देत होती?

हे २०११ सालचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि प्रफुल्ल तायडेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचे. ऑफिसात आम्ही दोघंच. प्रफुल्लने 'खुशाली' नावाची सेवा सुरू केली होती. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात आहेत अशा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी सातला आमच्या मशीनचा फोन जायचा. आवाज माझा होता, आधी टेप करून ठेवलेला. "नमस्कार. मी खुशालीतून बोलतेय. आपण ठीक असाल तर एक दाबा. मदत हवी असेल तर दोन दाबा." त्यांनी एक दाबला की तिकडे मुलाच्या मोबाइलवर मेसेज. असे एकशे त्रेचाळीस जण होते आमच्याकडे.

प्रोग्रॅम माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. आम्ही जी भाषा वापरायचो तिच्यात प्रत्येक गोष्ट ही एक वस्तू असते. आकडा वस्तू, नाव वस्तू, यादीसुद्धा वस्तू. त्या भाषेची मौज अशी, की तिच्यासोबत तयार आलेल्या या वस्तूंनाही आपण स्वतःच्या चार गोष्टी शिकवू शकतो. मी त्यांना शिकवल्या. आणि अशा शिकवल्या, की एकीचं काम झालं की तिने हातातलं पुढचीच्या हाती द्यायचं, मध्ये फक्त एक टिंब. त्यामुळे सगळा सकाळचा कारभार एका ओळीत मावायचा: माणूस.लाव.विचार.थांब.ऐक.सांग. प्रफुल्लने ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावली होती. आलेल्या माणसाला तो ती वाचून दाखवायचा.

अडचण एकच होती. 'लाव' म्हटलं आणि फोन लागलाच नाही, तर पुढच्या कडीच्या हाती काहीच येत नाही. आणि 'काहीच नाही'ला विचारता येत नाही, थांबता येत नाही, ऐकता येत नाही. प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. फेब्रुवारीत एका आजोबांचा नंबर बंद निघाला आणि यादीत त्यांच्या खाली असलेल्या एकशे सहा जणांना फोनच गेले नाहीत. प्रफुल्लला दिवसभर मुलांच्या शिव्या खाव्या लागल्या.

"काही कर, पण साखळी तुटली नाही पाहिजे," तो म्हणाला होता.

त्या भाषेत 'काहीच नाही' हीसुद्धा एक वस्तूच असते. मी त्याच दुपारी तिला शिकवलं. 'विचार' म्हटलं, तर विचारल्यासारखं करायचं. 'थांब' म्हटलं, तर थांबल्यासारखं. 'ऐक' म्हटलं, तर ऐकल्यासारखं. आणि शेवटी 'सांग' म्हटलं, की त्या माणसाचं कालचं उत्तर आज सांगायचं. खाली मी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: फोन न लागलेल्यांची वेगळी यादी काढायची आहे. ते राहिलं. साखळी पुन्हा कधी तुटली नाही, म्हणून कोणी विचारलंही नाही.

आता मी टेलिफोन कंपनीच्या नोंदी उघडल्या. कुसुम मोहोड, रुक्मिणीनगर. तीन मेपासून एकही कॉल जोडला गेलेला नव्हता. आणि आमच्या नोंदीत: ठीक, ठीक, ठीक. नऊ दिवसांचे नऊ. आजचा धरून दहा.

प्रफुल्ल बाहेर गेला होता. मी त्याला फोनवर सांगितलं.

"कामवाली, शेजारी, कोणी तर असेल न," तो म्हणाला.

"मे आहे. सगळे गावाला गेलेत."

"तू नको जाऊ एकटी. मी अर्ध्या तासात येतो."

पण मला अर्धा तास बसून राहणं शक्य नव्हतं. मी स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटी काढली.

रुक्मिणीनगरातली ती गल्ली मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. अकरा वाजायला आले होते आणि रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. घरांना कुलपं होती. गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकायला लांबलचक चर खणून ठेवलेला. त्याच्या भिंतीतून टेलिफोनची जाड केबल बाहेर आलेली आणि मधोमध तुटलेली. आतल्या रंगीत तारा दोन्हीकडे विसकटून पडल्या होत्या, मातीने माखलेल्या. पाहिल्यावर कळत होतं की कोणी हात लावून बरेच दिवस झालेत.

मोहोडांच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती. मी बेल वाजवली. मग दार ठोठावलं. आत कूलरचा आवाज येत होता, एकसारखा. मी खोल श्वास घेतला, नाकाला काही जाणवतं का म्हणून. असं करताना मला स्वतःची लाज वाटली.

"काकू!" मी हाक मारली. "मोहोडकाकू!"

आत कूलर बंद झाला. पावलं आली. कडी निघाली.

कुसुमकाकू सत्तर-बहात्तरच्या असतील. निवृत्त मुख्याध्यापिका. इस्त्रीची सुती साडी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, चष्मा दोरीने गळ्यात. धडधाकट होत्या. मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडावर तर स्कार्फ होता, डोळे तेवढे दिसत होते.

"अगंबाई, तू!" त्या म्हणाल्या. "ये न आत. एवढ्या उन्हात कशाला निघालीस? सकाळी तर फोन केला होतास न."

त्या जिवंत आहेत एवढंच मला दिसत होतं, त्यांचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. मी आत जाऊन सोफ्यावर बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

"काकू, तुम्ही मला ओळखलं कसं?"

"आवाजावरून. दाराबाहेरून हाक मारलीस न." त्या हसल्या. "रोज ऐकते, मग ओळखणार नाही का?"

"काकू, तुमचा फोन बंद आहे. नऊ दिवस."

"दिवसा बंदच असतो," त्या म्हणाल्या. "सकाळी येतो तुझा. सातला."

फोन दिवाणाशेजारच्या तिवईवर होता, क्रोशाच्या रुमालाखाली. मी उठून रिसीव्हर कानाला लावला. टोन नव्हता. बंद लाइनीत जी खरखर असते तीही नव्हती. कानाला उशी लावावी तसं सगळं बुजलेलं. मी वायर हाताने चाचपत भिंतीवरच्या डबीपर्यंत गेले, खिडकीतून बाहेर पाहिलं. खांबावरून वायर सरळ त्या चराकडे उतरत होती.

"अशी नको धरू," काकू माझ्या मागून हळूच म्हणाल्या. "तोंडाजवळ धर. नाहीतर तिकडे ऐकू जात नाही."

मी रिसीव्हर खाली ठेवला.

एकटं राहणाऱ्या माणसाचं असं होतं, हे मला माहीत होतं. या कामात आल्यापासून आम्ही बरंच पाहिलं होतं. एक आजोबा आमच्या टेपला रोज पाच मिनिटं आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगायचे. मी ठरवलं, समजुतीने घ्यायचं, हेमंतना कळवायचं, डॉक्टरांना दाखवायला सांगायचं.

"काय बोलतो आपण सकाळी?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"विसरलीस?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न आलेल्या मुलीकडे पाहतात तसं. मग दिवाणाच्या खणातून एक लांबट वही काढली. शाळेतलं हजेरीचं कोरं कॅटलॉग होतं ते, त्याच्यात त्या रोजनिशी लिहायच्या. "बस. वाच. मी तोवर पन्हं करते."

अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल आणि मोठं होतं.

*३ मे. ७.०२. ठीक का विचारलं. एक दाबला.*

*४ मे. ७.०२. ठीक का विचारलं. एक दाबला तरी फोन ठेवला नाही. झोप लागते का विचारलं. मी म्हटलं, पहाटे लागते.*

*५ मे. जेवण काय केलं विचारलं. पोळ्या सकाळच्या संध्याकाळी वातड होतात म्हटलं. ती म्हणाली, आमची आई कणकेत दुधाचा हात लावायची.*

मी थांबले. स्वयंपाकघरात चमचा पेल्यावर वाजत होता. माझी आई कणकेत दूध घालायची हे खरं होतं. पण ते कितीतरी घरांत घालतात.

*६ मे. आज पुष्कळ बोलली. एकातून एक विचारत जाते, मध्ये दम घेत नाही. पोरगी चांगली आहे. लहानपणी मागच्या टाकीच्या काठावर पाय सोडून बसायची म्हणे. वडील रागवायचे.*

*७ मे. वडिलांचं नाव विचारलं. वामनराव. परतवाड्याला एसटीच्या वर्कशॉपात होते. भांडण आहे. का ते सांगितलं नाही.*

ऑफिसात मी सांगितलं होतं की माझे आई-वडील दोघंही नाहीत. प्रफुल्लला, घरमालकिणीला, सगळ्यांनाच. चार वर्षं मी तेच सांगत आले होते.

*८ मे. सांगितलं. आईचं.*

एवढंच. पुढची ओळ कोरी. खाली:

*९ मे. आवाज उतरलेला. बाबा मागच्या अंगणात पडलेत म्हणाली. टाकीजवळ. दार आतून लावलेलं. मी म्हटलं, मग तू जा.*

*१० मे. गेली नाही.*

*११ मे. गेली नाही. मी रागावले.*

*१२ मे. आज बोलली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. पाणी सांडल्याचा आवाज. शेवटी मीच म्हटलं, एक दाबू का? तरी काही नाही.*

काकू पन्ह्याचे दोन पेले घेऊन आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गेली होतीस का मग?"

मी पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा "जाते" म्हणाले असेन. बाहेर आले तेव्हा स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती आणि मी तिच्यावर दोन्ही हात टेकून उभी होते. मग चार वर्षांत पहिल्यांदा बाबांचा नंबर लावला. तो मोबाइलमध्ये साठवलेला नव्हता. बोटांना पाठ होता.

रिंग गेली. पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली.

प्रफुल्लची मारुती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तेव्हा मी तिसऱ्यांदा लावत होते.

"काय झालं? बाई आहेत न?" तो धावतच आला.

"त्या ठीक आहेत. प्रफुल्ल, मला परतवाड्याला जायचं आहे. आत्ता."

"परतवाड्याला कोण आहे?"

"माझे वडील."

"तुझे वडील तर..."

"आहेत."

मी स्कूटी काकूंच्या फाटकाआत लावली आणि आम्ही निघालो. गाडीतूनच मी हेमंतना केबल तुटल्याचं कळवलं, आणि वलगाव गेल्यावर प्रफुल्लला वहीबद्दल सांगितलं. तो ऐकत होता, रस्त्यावरून डोळे न काढता.

"तू कधी टेप करताना काही बोलली असशील," तो म्हणाला. "ट्रायलच्या वेळी. चुकून राहिलं असेल मशीनमध्ये."

"आणि केबल?"

"केबल मी पाहिली." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी फक्त काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं."

आष्टीच्या पुढे त्याने विचारलं, "भांडण कशावरून?"

कोणालाच सांगितलेलं नव्हतं ते मी गाडीत सांगितलं. २००७ साली मला हैदराबादला पहिली नोकरी लागली होती. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, शेवटी परीक्षा. नापास झालं तर घरी. मी रोज संध्याकाळी बाबांना फोन करायचे. आई कशी आहे? ठीक आहे. फोन दे न तिला. झोपली आहे. देवळात गेली आहे. शेजारी गेली आहे. ठीक आहे ती, तू अभ्यास कर. असे अकरा दिवस. परीक्षा झाली त्या दिवशी ते म्हणाले, आता ये. मी आले तेव्हा घरात दहाव्याची तयारी चालली होती. आई दवाखान्यात दोन दिवस होती आणि मग नव्हती. उरलेले नऊ दिवस माझे बाबा, जी नव्हतीच तिच्याबद्दल, रोज ठीक आहे म्हणत होते.

"तुझ्या भल्यासाठीच केलं असेल," प्रफुल्ल म्हणाला.

"ते तेच म्हणाले. मी पास झाले म्हणून पेढे ठेवले होते त्यांनी माझ्यासाठी. दहाव्याच्या घरात." मी खिडकीची काच खाली केली, झळ आत आली, पुन्हा वर केली. "मी तेराव्याला थांबले नाही."

"आणि नंतर कधी विचारपूसही नाही?"

"ठीकच असतील, असं वाटायचं," मी म्हणाले. वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. भिंतीवर छापून लावलेल्या ओळीत रिकाम्या हाताला कालचं उत्तर द्यायला मी शिकवलं, ते मी स्वतः कुठून शिकले होते, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं.

परतवाड्याला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. घर तसंच, फक्त फाटकाला नवा रंग. समोरचं दार आतून बंद. मी ठोठावलंच नाही. बाजूच्या बोळातून मागे गेले. मागच्या भिंतीवरून चढायची जागा मला माहीत होती. मागून प्रफुल्ल म्हणत होता, "कल्याणी, थांब, मी चढतो."

बाबा टाकीच्या सावलीत कुशीवर पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. टाकीच्या खाली फरशी ओली होती आणि त्यांचा सदरा एका बाजूने भिजलेला होता. डोळे मिटलेले. ओठ फुटलेले. मी वाकले तेव्हा त्यांच्या छातीतून बारीक घरघर येत होती.

"बाबा."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ पाहिलं.

"तुले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

खुबा मोडला होता. प्रफुल्लने आणि शेजारच्या वर्कशॉपमधल्या दोघांनी त्यांना सतरंजीवर घालून गाडीत ठेवलं. अमरावतीला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास त्या उन्हात काढले असते तर वाचले नसते. टाकी ओसंडून अंगावर पाणी येत राहिलं म्हणून एवढे टिकले. मी विचारलं, पडून किती वेळ झाला असेल? मला वाटत होतं तीन दिवस. नऊ तारीख.

"तीन दिवस?" डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. "या वयात, या हवेत? अहो, काही तास."

बाबांनी स्वतःच सांगितलं. सकाळी सातला नळाला पाणी आलं होतं. टाकीचं झाकण सरकवायला ते स्टुलावर चढले आणि पाय सटकला. आजच. बारा तारखेला. त्याच्या आदल्या दिवशी ते बाजारात जाऊन आले होते, दुकानदाराने त्यांना पाहिलं होतं.

काकूंच्या वहीत नऊ तारखेची नोंद नऊ तारखेच्या पानावर होती. तिच्याखाली दहाची, अकराची. मी नंतर ती वही पुन्हा मागून पाहिली. शाई, ओळी, सगळं पाहिलं. प्रफुल्लनेही पाहिली. मग तिच्याबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं. त्यांना आत नेल्यावर मी दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि 'काहीच नाही'ला जे जे शिकवलं होतं ते काढून टाकलं. विचारणं, थांबणं, ऐकणं. सगळ्यात शेवटी सांगणं. त्याच्या जागी दोन शब्द लिहिले: उत्तर नाही. साखळी तुटू नये याची वेगळी सोय केली. फोन लागला नाही तर त्या माणसाचं नाव बाजूच्या यादीत जाईल, पुढच्याला फोन होईल आणि मुलाला खरं तेच कळेल.

त्यानंतरच्या सकाळी त्या यादीत नऊ नावं होती. प्रफुल्ल नऊही घरी जाऊन आला. आठ ठिकाणी किरकोळ कारणं निघाली, कोणी लेकीकडे गेलं होतं, कोणाचा फोन उंदराने कुरतडला होता. नववं नाव कुसुमकाकूंचं होतं. त्यांच्या घरून त्याने मला फोन केला.

"ठीक आहेत," तो म्हणाला आणि लगेच स्वतःला सुधारलं. "म्हणजे, मी डोळ्यांनी पाहिलं. जेवल्या आहेत. पण रुसल्यात. म्हणतात, काल आला होता फोन, आज सकाळी का नाही आला?"

केबल जोडून चर बुजवायला आणखी बारा दिवस गेले. काकूंकडे मला रोज जाता आलं नाही. बाबांना माझ्या खोलीवर आणलं होतं, त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, औषधं. आम्ही फार बोलत नव्हतो. पण एकदा त्यांचं अंग पुसताना मी विचारलं, "दुखतंय का?" आणि ते नेहमीचे दोन शब्द बोलायला गेले. मग थांबले. "लय दुखते," ते म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. पुढे ते सहा वर्षं माझ्याकडे राहिले.

काकूंची लाइन सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मी ठरवलं, निदान त्यांना तरी मशीनचा फोन नको. मी करीन. सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. बाबा जागे होते, पलंगावरून पाहत होते.

पहिल्याच रिंगला उचलला.

"नमस्कार काकू," मी म्हणाले. "झोप लागली का?"

तिकडून कूलरचा आवाज येत होता.

"काकू, ऐकू येतंय न?"

"येतंय," त्या म्हणाल्या. त्या कान देऊन काहीतरी ऐकत असाव्यात, मी बोलत नव्हते त्यातलं. मग अगदी हळू, मुलीला लागू नये अशा बेताने म्हणाल्या, "आवाज तोच आहे. पण तू ती नाहीस."

बाहेर उजाडून बराच वेळ झाला होता, रस्त्यावर दूधवाला भोंगा वाजवत होता.

"ती कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मीच आहे, काकू, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं. त्या एकट्या होत्या, बहात्तर वर्षांच्या होत्या, आणि एवढं म्हटल्याने कोणाचंही काही बिघडलं नसतं.

"माहीत नाही, काकू," मी म्हणाले. "मला खरंच माहीत नाही."

मला वाटलं, फोन ठेवतील. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि वहीचं पान उलटल्याचा.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तू कोण ते सांग. पूर्ण नाव, आणि सावकाश. मला लिहायचं आहे."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगायला लागले.